खुर्चीत पोरगं, बिशप खाली

हे इंग्लंडमधलं हेरफर्डचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं, त्या भागातल्या मुख्य धर्मगुरूचं, मोठं चर्च. ६ डिसेंबर म्हणजे सेंट निकोलसचा सण, मुलांचा संत तो, आणि त्याच्या आसपासचीच ही संध्याकाळची उपासना. क्वायर, म्हणजे चर्चची गाणारी मंडळी, येशूच्या आईचं, मरीयेचं गीत गातंय, त्यात ती ओळ येते ना, देवाने बलवानांना आसनावरून खाली ओढलं आणि दीनांना वर उचललं, बरोब्बर त्या ओळीला खरा बिशप आपल्या खुर्चीतून उठून खाली उतरतो आणि क्वायरमधलाच एक मुलगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, हातात मेंढपाळाची काठी, त्याच खुर्चीत जाऊन बसतो.

आपल्याकडे ५ सप्टेंबरला दहावीच्या मुली साड्या नेसून पाचवीवर तास घेतात, तसंच काहीसं वाटेल. पण इथे तो मुलगा प्रवचन देतो, आशीर्वाद देतो आणि समोरची मोठी माणसं मान खाली घालून तो घेतात. शिक्षक दिनाला हेडमास्तर काही आपल्या खुर्चीतून उठत नाहीत हो!

प्रथा जुनी आहे, मध्ययुगातली. तेव्हा ६ डिसेंबरपासून २८ डिसेंबरपर्यंत, म्हणजे येशूच्या जन्माच्या गोष्टीतल्या हेरोद राजाने मारलेल्या बाळांच्या स्मरणदिनापर्यंत, हा बाल-बिशप असायचा. बऱ्याच ठिकाणी क्वायरची मुलंच आपल्यातला एक निवडायची. इंग्लंडमधल्याच यॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये १३६७ साली नियम केला की ज्याने चर्चची जास्त दिवस आणि चांगली सेवा केली त्यालाच हा मान, फक्त पोरगं दिसायला बरं हवं! (सेवा वगैरे ठीक आहे, पण शेवटी हे घातलंच.) त्याच यॉर्कचा १३९६ चा हिशेब अजून शिल्लक आहे, बाल-बिशप लवाजमा घेऊन मठांत आणि बड्या लोकांच्या वाड्यांवर फिरला, कुणी किती दिलं, खर्च किती झाला, सगळं लिहून ठेवलंय. अर्थात हिशेब ठेवणारा मोठा माणूसच, तिजोरी काही पोराच्या हातात दिली नव्हती.

सगळ्यांना हे आवडत होतं असं नाही. गोंधळ, मेजवान्या, गर्दी, तक्रारी चालूच. १५४१ मध्ये राजा आठव्या हेन्रीने फर्मान काढून बंद केलं, पुढे राणी मेरीच्या काळात परत सुरू झालं, एलिझाबेथच्या काळात पुन्हा विरलं. हेरफर्डने ते पुन्हा चालू केलं थेट १९७३ साली.

आता प्रवचनाचं. १५५८ मध्ये ग्लॉस्टरला एका बाल-बिशपने दिलेलं प्रवचन आजही वाचायला मिळतं. लिहून दिलेलं मोठ्यानेच, रॅम्झी नावाच्या माणसाने, म्हणजे तोंड पोराचं, शब्द दुसऱ्याचे, आणि खरं सांगायचं तर इथे मला जरा खटकतं, खुर्ची दिली पण बोलायचं काय ते आम्ही ठरवणार. तरी त्यात एक जागा मस्त आहे. तो पोरगा क्वायरच्या मुलांवर घसरतो, यांचं वागणं बघा, चर्चमध्ये कसे उभे राहतात बघा, अगदी म्हाताऱ्या फादरसारखा, आणि मग हळूच कबूल करतो की आत्ता आत्तापर्यंत मीपण यांच्यातलाच होतो.