टाळ्या एकाच्या, पीओ दुसऱ्याची

[दृश्य : चाकण एमआयडीसी. कारखान्याचं कॅन्टीन. पहिली पाळी सुटायची वेळ.]

४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. या आठवड्यात चाकणपासून बुटीबोरीपर्यंत कारखान्यांना वक्ते हवे असतात. इथं कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारली आहेत. मागं फ्लेक्स, पुढं कामगार, आणि निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडं. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. वक्ते हेल्मेटचं नावही काढत नाहीत. विचारतात, “सकाळी निघताना घरच्यांना किती वाजता येतो म्हणून सांगितलंत?” हॉल शांत होतो.

पाऊण तासानं टाळ्या, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. बऱ्याच वक्त्यांचा दिवस इथं संपतो. आपण मात्र कॅमेरा चालू ठेवणार आहोत, कारण खरा व्यवहार पुढच्या दहा मिनिटांत आहे.

[दृश्य : एचआर मॅनेजरची केबिन. चहा, बिस्किटं.]

“मस्त झालं सर, एकही माणूस उठला नाही.” अशा कौतुकाच्या भरात पिशवीतून पुस्तक काढायचा मोह भल्याभल्यांना होतो. हे वक्ते आधी प्रश्न विचारतात : “उद्या सकाळी पाळी सुरू होताना सुपरवायझर काय बोलतील?”

मॅनेजर हसतो. टूलबॉक्स टॉक रोज व्हायला हवा, म्हणजे काम सुरू होण्याआधी पाच-दहा मिनिटं धोक्यांबद्दल बोलणं. रजिस्टरवर सह्या असतात. बोलणं असतंच असं नाही.

विकण्याजोगी वस्तू या कबुलीत आहे. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला एक विषय, मराठी आणि हिंदीत लिहिलेले ५२ छोटे टॉक. सुपरवायझरांसाठी एक दिवसाची कार्यशाळा, कागद न वाचता माणसांशी कसं बोलायचं याची. आणि दर तीन महिन्यांनी एक फेरी, शॉपफ्लोअरवर उभं राहून ऐकायला. व्याख्यानाच्या मानधनापेक्षा ही रक्कम मोठी असते, तरीही मॅनेजरला ती पटवून देणं सोपं जातं. एका तासाच्या भाषणाचा हिशेब त्याला वरच्या साहेबांना देता येत नाही, वर्षभराच्या कामाचा देता येतो.

इथं एक गोष्ट वक्ते हमखास विसरतात. टाळ्या वाजवतो कामगार, पैसे देते कंपनी. पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, तिच्याकडूनच निघते. दारातल्या टेबलावरचं पुस्तक कामगाराच्या खिशातून विकलं जातं. तेच पुस्तक वर्षभराच्या कामाच्या कोटेशनमध्ये सुपरवायझरांच्या संख्येइतकं घातलं, तर टेबल मांडावंच लागत नाही.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. न्यूयॉर्क.]

हा मार्ग नवा नाही. १९१२ साली अमेरिकी वक्ते आणि लेखक डेल कार्नेगी न्यूयॉर्कच्या वायएमसीएत भाषणकला शिकवायला गेले. एका वर्गाचे दोन डॉलर मागितले, संस्थेनं नाही म्हटलं, म्हणून जमेल त्या फीमधला वाटा घेऊन वर्ग सुरू झाला. त्यांचं जगभर खपलेलं पुस्तक आलं १९३६ मध्ये, तेही वर्गात बसलेल्या एका प्रकाशकाच्या माणसानं सुचवल्यावर. आधी वर्ग, मग पुस्तक. आपल्याकडं बरेच जण उलटं करतात आणि गठ्ठे माळ्यावर टाकतात. भारतात कार्नेगींचा तो अभ्यासक्रम आज मुंबईची वालचंद पीपलफर्स्ट कंपनी चालवते.

दुसरे अमेरिकी वक्ते अर्ल नाइटिंगेल यांची गोष्ट तर टूलबॉक्स टॉकच्या फारच जवळची. त्यांची विमा एजन्सी होती. १९५६ मध्ये सुट्टीवर जाताना, आपण नसताना विक्रेत्यांना ऐकवायला म्हणून त्यांनी एक भाषण ध्वनिमुद्रित केलं. त्या तबकडीच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. वक्ता हजर नसेल त्या दिवशी लागणारी वस्तू होती ती.

[दृश्य : पुणे. व्याख्यानाचा मांडव, सतरंज्या, खुर्च्या.]

आपल्याकडं अडतं ते संकोचामुळं. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढं गावोगावी अशा मालांनी मराठी माणसाचे कान घडवले. तिथं मानधनाचं पाकीट घरी जाऊनच उघडायचं असतं. त्या मांडवात हे शोभतं. पण कंपनीत त्याच लाजेनं बसलेला वक्ता जूनमध्ये रिकामा असतो. शिवजयंती, मराठी भाषा दिन, सुरक्षा दिन, महिला दिन, सगळी गर्दी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाऊस लागला की फोन थंड.

महिला दिनाचंच बघा. गुलाब, केक, ‘स्त्रीशक्ती’वर भाषण. त्याच कंपनीवर २०१३ च्या कायद्यानं जबाबदारी टाकलेली असते : दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, तिच्यात बाहेरचा एक सदस्य, कर्मचाऱ्यांसाठी जागृतीच्या कार्यशाळा, समितीला वेगळं प्रशिक्षण. कायदा नीट शिकलेल्या वक्त्यासाठी हे वर्षभराचं काम आहे. नुसतं छान बोलता येणाऱ्यानं मात्र यात हात घालू नये. इथली चूक तक्रारदार बाईला भोवते.

आणखी एक प्रकार आम्हाला पटत नाही. श्रोत्यांना आई-वडिलांच्या आठवणीनं रडवायचं आणि डोळे पुसायच्या आत ‘आजच नोंदणी केली तर निम्म्या किमतीत’ म्हणून क्यूआर कोड दाखवायचा. त्या दिवशी पैसे जमतात. आयोजक पुन्हा बोलावत नाहीत.

[दृश्य : लॅपटॉप, कोटेशनचा मजकूर.]

कागदपत्रांचं थोडक्यात. जीएसटी नोंदणी असेल तर प्रशिक्षणाच्या बिलावर १८ टक्के लागतो, छापील पुस्तकावर काहीच नाही. म्हणून बिलात दोन्ही ओळी वेगळ्या. ‘उद्यम’ ही छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी करून ठेवावी, लेखी करार असला तरी कंपनीला ४५ दिवसांपलीकडं पैसे लांबवता येत नाहीत. आणि कोटेशन त्याच संध्याकाळी पाठवावं. आठवड्यानं मॅनेजरच्या डोक्यात ऑडिट असतं.

[दृश्य : शॉपफ्लोअर, सकाळची पाळी.]

चाकणची पीओ आधी कार्यशाळा आणि २६ टॉकचीच निघते. उरलेले २६ मॅनेजरनं सहा महिन्यांनी बघू म्हणून ठेवलेत. पहिल्या तिमाही फेरीला वक्ते मागं उभे आहेत. सुपरवायझर कागद खिशात ठेवून बोलतो, अडखळतो, एक कामगार त्याला मध्येच थांबवून प्रेस मशीनच्या गार्डबद्दल, म्हणजे हात आत जाऊ न देणाऱ्या आडोशाबद्दल, विचारतो. वक्ते वहीत टिपून घेतात : २७ वा टॉक, प्रेस गार्ड.