कवडसा येईल तिथं बसा

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या कौलारू घरात सकाळी चुलीपुढं उन्हाचा एक गोल पडायचा, आठवतो? कवडसा. कौलांमधली फट वेडीवाकडी असायची, तरी भुईवरचा कवडसा गोलच! कारण तो फटीचा आकार नसतो, तो सूर्याचं चित्र असतो. सूर्यग्रहणात झाडाखाली उभं राहून बघा, पानांच्या फटींतून शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसतात. स्लॅबची घरं आली, कवडसे गेले. मुलांना आता उजेड म्हणजे बटण दाबल्यावर येतो तो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आज बोलायचंय ते जंगलातल्या कवडशाबद्दल, आणि त्याचा फोटो काढण्याबद्दल.

दाट जंगलात जमिनीपर्यंत उन्हाचा जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. कॅमेरा हा सगळा अंधार बघतो आणि चित्र उजळवायला जातो. अंधार राखाडी होतो, कवडसा जळून पांढराफटक होतो. म्हणून उजेड मोजायचा तो कवडशावर. पुन्हा सांगतो, कवडशावर, अंधारावर नाही. मोबाईल असेल तर कवडशावर बोट दाबून धरा आणि सूर्याची खूण खाली ओढा. कॅमेरा असेल तर स्पॉट मीटरिंग लावा, म्हणजे तो चित्रातल्या एका ठिपक्यापुरताच उजेड मोजतो.

हे मला कळलं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला. एकेकाळचं हे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचं राखीव रान. 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. नोव्हेंबरचे दिवस होते, कोल्हापूरच्या देवळात मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव होऊन आठवडाच झाला होता. सोबत गावातले एक वाटाडे मामा. अंजनीच्या झाडाखाली पाचोळ्यावर वीतभर कवडसा पडला होता. मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा लावला, काच पुसली. बघतो तर कवडसा सरकलेला. उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. एक फोटो कसाबसा मिळाला तो मामांना दाखवला. ते म्हणाले, "चुन्याचं बोट पुसल्यागत दिसतंय की वो हे."

खरंच तसंच दिसत होतं. पानाची एक शीर उमटली नव्हती.

मग मामा म्हणाले, "सायेब, उन्हामागं किती पळायचं? त्ये थांबतंय व्हय? म्होरं कुठं जाणार बघा आणि तितं जाऊन बसा."

श्रोतेहो, दोन मिनिटांत सूर्य आकाशात आपल्या रुंदीएवढा सरकतो. म्हणून बारीक फटीतून आलेला कवडसाही दोन मिनिटांत आपली जागा सोडून शेजारी जातो. सूर्य पश्चिमेकडं, कवडसा पूर्वेकडं. मामांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पूर्वेला चार विती अंतरावर बोट दाखवलं. तिथं एक नेचा होता, कोवळा, शेंडा अजून गोगलगाईच्या शंखासारखा गुंडाळलेला. आम्ही दोघं खाली बसलो. मामांनी चंची सोडली. मी कॅमेरा नेच्यावर रोखून धरला आणि काही केलं नाही. सात-आठ मिनिटं काहीच नाही. पाचोळ्यात काहीतरी खुडबुडलं, थांबलं.

आणि त्या गुंडाळीच्या अगदी टोकावर ऊन टेकलं. खालचा देठ अजून काळोखात. टोकावरची तांबूस लव एकेक केस दिसेल अशी पेटली. मी उजेड तिथंच मोजला. मागचं सगळं रान काळं राहिलं, राहू दिलं. ऊन हळूहळू देठावरून खाली उतरायला लागलं. मामा पुटपुटले, "अंबाबाईला किरणं पायाकडनं वर चढत्यात. हितं डोईकडनं खाली उतरत्यात."

मी चमकलो. खरं होतं ते. देवळात मावळतीचा सूर्य खाली जातो म्हणून किरण पायांवरून मुखाकडं चढतात. रानात सकाळचा सूर्य वर चढत होता म्हणून ऊन शेंड्याकडून मुळाकडं येत होतं. एवढी वर्षं महाद्वारापाशी गर्दीत उभा राहिलो, पण असा उलटा विचार कधी केला नव्हता.

दोन मिनिटांत ऊन मुळाशी पोचलं आणि पुढं निघून गेलं. नेचा पुन्हा काळोखात. माझ्याकडं सहा फोटो होते. ते आजही मी उजळलेले नाहीत, तुम्हीही तुमचे उजळू नका. त्यातला दुसरा मामांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आता लव दिसाय लागली."