मूत्रपिंडाचा उतार मोजताना

श्रोतेहो, नमस्कार.

मूत्रपिंडाचा आजार आहे असं कळलं की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा आहे तिथेच राहील, की डायलिसिसपर्यंत जाईल? बहुतेक जण याचं उत्तर क्रिएटिनिनच्या आकड्यात शोधतात. ते तिथे अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं लघवीत असतं, आणि तीच तपासणी बहुतेक वेळा राहून जाते.

आधी रक्ताचं पाहू. क्रिएटिनिन स्नायूंतून रोज तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो, गाळण किती होते आणि स्नायू किती आहेत. रिपोर्टवर १.२ आलंय असं धरा. ३० वर्षांच्या पुरुषात याचा अर्थ गाळणीचा वेग, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर. हेच १.२ सत्तरीच्या बाईंच्या रिपोर्टवर आलं तर ईजीएफआर सुमारे ४९ भरतो. आकडा तोच, पण एकाचं काम ठीक चाललंय आणि दुसरीचं निम्म्यावर आलंय. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबकडे मागा. आता वापरात असलेलं सूत्र सीकेडी-ईपीआय, २०२१ चं. त्याला वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच लागतं.

सगळ्यात फसवी असते ती सुरुवातीची घसरण. साठीच्या बाईंचं क्रिएटिनिन ०.७ वरून १.१ झालं, तर छापील मर्यादेच्या आत म्हणून ते सोडून दिलं जातं. प्रत्यक्षात ईजीएफआर सुमारे ९९ वरून ५७-५८ वर आलेला असतो. जवळपास ४० टक्के काम गेलं आणि रिपोर्टवर लाल खूणही नाही! जुने रिपोर्ट फेकू नका असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

क्रिएटिनिन खोटंही वाढतं. आदल्या रात्री भरपूर शिजवलेलं मांस खाल्लं असेल, व्यायामासाठी क्रिएटिनची पावडर चालू असेल, किंवा ट्रायमेथोप्रिमसारखं प्रतिजैविक चालू असेल, तर गाळण न घटताही आकडा चढतो. उलट अंथरुणाला खिळलेल्या, खंगलेल्या किंवा पाय कापावा लागलेल्या माणसात स्नायूच कमी, त्यामुळे आकडा चांगला दिसतो आणि आजार लपतो. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी कामाची. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायूंचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. पण तेही निर्दोष नाही. स्टेरॉइड, थायरॉइडचा बिघाड, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनी ते हलतं. म्हणून दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर एकट्या कुठल्याही आकड्यापेक्षा भरवशाचा.

आता लघवी. यात पाहायचं ते अल्ब्युमिन. निरोगी गाळणीतून हे प्रथिन नगण्य झिरपतं, गाळणीला इजा झाली की जास्त येऊ लागतं. नुसतं अल्ब्युमिन मोजून भागत नाही, कारण पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि आकडा पडतो. म्हणून त्याला लघवीतल्याच क्रिएटिनिननं भागतात. हा भागाकार म्हणजे एसीआर. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ आणि ३०० च्या वर तीव्र. काही लॅब एकक वेगळं, मिलिमोलमागे मिलिग्रॅम असं वापरतात. तिथे याच सीमा ३ आणि ३० होतात. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी एकक वाचा, नाहीतर आजार नऊपट वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होईल.

पट्टी बुडवून केलेल्या तपासणीवर मात्र विसंबू नका. लघवी पातळ असेल तर पट्टी थोडं अल्ब्युमिन सरळ चुकवते.

नमुना कसा द्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी घ्यायची. सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली स्वच्छ डबीत धरायची. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी यांत एसीआर उगाच वाढतो, तेव्हा तपासणी पुढे ढकला. डबी लगेच लॅबला द्यायला जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको, कारण गोठवल्यावर अल्ब्युमिन कमी मोजलं जाऊ शकतं. आणि एका नमुन्यावर निदान होत नाही. हा आकडा दिवसागणिक बराच वरखाली होतो, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच तो धरायचा.

हे दोन आकडे एकत्र आले की भाकिताला अर्थ येतो. २०११ मध्ये कॅनडातल्या रुग्णांच्या माहितीवरून एक सूत्र तयार झालं. वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर घातलं की येत्या दोन आणि पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता ते सांगतं. साठ वर्षांचे दोन पुरुष घ्या, दोघांचाही ईजीएफआर ३५. एकाचा एसीआर २० आहे, दुसऱ्याचा १०००. या सूत्राच्या उत्तर अमेरिकेबाहेरच्या आवृत्तीनं पहिल्याचा पाच वर्षांचा धोका साधारण ४ टक्के येतो, दुसऱ्याचा साधारण २०. रक्ताचा रिपोर्ट सारखाच, धोका पाचपट! सूत्राची मोठी आवृत्ती रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि अल्ब्युमिनही धरते. ईजीएफआर ६० च्या वर असेल तर मात्र हे सूत्र वापरायचं नाही, ते त्यासाठी बनलेलंच नाही.

पुढच्या तपासणीत आकडा हलला, तर किती हलला की लक्ष द्यायचं? ईजीएफआर २० टक्क्यांहून जास्त बदलला किंवा एसीआर दुपटीच्या पलीकडे गेला, तर तो नेहमीचा चढउतार नव्हे. वर्षाला ५ मिलिलिटरपेक्षा जास्त घसरण टिकून राहिली, तर आजार वेगाने पुढे सरकतोय.

एक अपवाद लक्षात ठेवायलाच हवा. रक्तदाबाची एसीई किंवा एआरबी गटातली औषधं, तसंच मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात दिली जाणारी एसजीएलटी-२ गटातली औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो. गाळणीवरचा दाब कमी होतो म्हणून हे घडतं, आणि तोच तर औषधाचा हेतू! क्रिएटिनिन चढलं म्हणून ही गोळी परस्पर बंद करणं ही फार महागात पडणारी चूक. एसीई किंवा एआरबी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिनची वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर औषध चालू ठेवतात, त्यापुढे गेली तर डॉक्टर कारण शोधतात. एसीआर याच काळात उतरू लागला तर ती चांगली खूण.

नव्या तपासण्यांबद्दलही बरंच बोललं जातं. रक्तातले टीएनएफआर-१ आणि टीएनएफआर-२, किम-१, लघवीतला ईजीएफ (हा ईजीएफआर नव्हे) या प्रथिनांचा आजाराच्या वेगाशी संबंध दिसलेला आहे. पहिले तीन वापरून टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांसाठी बनवलेल्या एका चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०२३ मध्ये परवानगी दिली. पण एसीआर कधीच न केलेल्या माणसानं यांच्यामागे धावणं म्हणजे पायाआधी कळस.

शेवटी, हे भाकीत कुठे उपयोगी पडतं तेही सांगतो. पाच वर्षांचा धोका ३ ते ५ टक्क्यांवर गेला की मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जायचं. दोन वर्षांचा धोका ४० टक्क्यांवर गेला की डायलिसिससाठी हातावर फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांची जोडणी, करण्याची किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू करायची, कारण फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. या टप्प्यावरच्या रुग्णानं तपासणीसाठी रक्त द्यायला गेल्यावर हात पुढे करण्याआधी सांगावं, 'कोपरातून किंवा मनगटावरून नको, तळहाताच्या मागच्या शिरेतून घ्या.' फिस्टुलासाठी लागणाऱ्या शिरा त्यामुळे शाबूत राहतात.