बुडाला कोण?

अंबाजोगाई. संध्याकाळचे सहा. पत्र्याच्या खोलीत एक पेटी, तीन गिटारी आणि भिंतीला टेकून बसलेली पोरं.

व्हिडिओतल्या या बोटांकडे पाहा. अनामिका पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला: सी. मधलं बोट चौथ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटला: ई. तिसरी तार मोकळी: जी. तर्जनी दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटला: पुन्हा सी. सगळ्यांत बारीक तार मोकळी: पुन्हा ई. तारा पाच वाजल्या, सूर मात्र तीनच. एकत्र वाजणाऱ्या सुरांची ही जुडी म्हणजे सी मेजर कॉर्ड.

आता उजवा हात पाहा. स्ट्रोक सहाव्या, जाड तारेपासून पडला. डावी बोटं जागची हललेली नाहीत.

“काय वाजलं रे?”

“सर, सी.”

“आन् बुडाला कोण हाय?”

पोरगा जाड तार एकटी छेडतो. “ई.”

“मग अर्धंच नाव सांगितलंस.”

पूर्ण नाव सी स्लॅश ई: कॉर्ड सी, बुडाला म्हणजे सगळ्यांत खालचा सूर ई. सूर तेच, बुडाला सीऐवजी दुसरा सूर, हे इन्व्हर्जन; ई बुडाला असेल तर सी मेजरचं पहिलं. जी बुडाला आला की सी स्लॅश जी, दुसरं इन्व्हर्जन. वरचे सूर कसेही रचा, दोनदा घ्या. इन्व्हर्जन ठरतं बुडाच्या सुरावरून. मोबाइलवरच्या कॉर्डच्या चित्रात सहाव्या तारेवर बारीकशी फुली असते: ही तार वाजवू नका. बोटं जुळवायच्या घाईत ती निसटते.

सर पेटी पुढं ओढतात. पांढरी एकचा सा. सा-ग-प. खालचा सा उचलून वर नेला: ग-प-सा. मग ग वर: प-सा-ग. भजनात वाढलेल्या पोरांच्या माना लगेच हलतात. हा फरक त्यांच्या कानात आधीपासून आहे, नाव तेवढं आज मिळालं. गिटारचा पहिला धडा आपल्याकडं पेटीवरच व्हायला हवा.

खरी कसोटी पुढं. सी, ई, जीमध्ये ए मिसळा. बुडाला सी असेल तर सी सिक्स्थ, ए असेल तर ए मायनर सेव्हन्थ. सूर तेच चार. गाणं कुठं येऊन टेकतंय, हेही इथं ऐकावं लागतं. ही मुलगी डोळे मिटून एकेक तार छेडतेय, तोच सूर गुणगुणतेय.

यंदा गणपतीत यातले तिघं भजनाला साथीला बसले.

लाइट गेली. चित्र अंधारं आहे, आवाज स्वच्छ. सरांनी एक कॉर्ड वाजवली. कोपऱ्यातून त्या मुलीचा आवाज: “सी स्लॅश जी.”