हे कोणी लिहिलं आणि कोणासाठी?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

मी सहावी ते आठवीच्या मुलांना ह्युमॅनिटीज शिकवते. मागच्या मेळाव्यात एका काकांनी मला विचारलं होतं, "गणित कळतं, सायन्स कळतं, पण तुमच्या विषयात मुलं शिकतात तरी काय?" प्रश्न मनापासून होता. तेव्हा गर्दीत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून समितीने आज बोलायला सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

मराठीत या विषयाला मानव्यविद्या म्हणतात. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि भाषा-साहित्य त्यात एकत्र येतं. पुष्कळ शाळांत एकच शिक्षक दोन सलग तासिका घेऊन हे सगळं शिकवतो. पण विषयांची यादी सांगून काकांचं समाधान होणार नाही, म्हणून तुम्हाला थेट वर्गातच नेते.

सहावीत आम्ही हम्मुराबीचा, म्हणजे प्राचीन बॅबिलोनच्या राजाचा, कायदा घेतो. इ.स.पू. १७५०च्या सुमाराचा, सव्वादोन मीटर उंचीचा, कायदे कोरलेला काळा दगड. तो १९०१ साली आजच्या इराणमधल्या सुसा इथे सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पहिल्या दिवशी मी एकही कायदा वाचून दाखवत नाही. फक्त दगडाच्या वरच्या भागातलं शिल्प दाखवते आणि विचारते, "काय दिसतंय?" मुलं सांगू लागतात. एकजण बसलाय, एकजण उभा आहे. बसलेला मोठा आहे, तो काहीतरी देतोय. हळूहळू त्यांच्याच तोंडून येतं की बसलेला देव असणार आणि उभा राजा. मग कोणीतरी विचारतं, "पण तेव्हा वाचता किती जणांना येत होतं?" फार थोड्यांना. "मग हे चित्र ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी!" दुसरा म्हणतो, "राजाला सांगायचंय की कायदा मी नाही केला, देवाने दिलाय. म्हणजे कोणी भांडणार नाही." अकरा वर्षांचं पोर हे बोलतं तेव्हा मला त्या दिवशी आणखी काही शिकवायची गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी कायदे. बांधलेलं घर कोसळलं आणि घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. घरमालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. गुलाम मेला, तर बदल्यात गुलाम. वर्गात अक्षरशः कल्लोळ होतो. "त्या मुलाने काय केलं होतं?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी तितक्याच तळमळीने येतो. मग आम्ही सावकाश मागे जातो. मूल म्हणजे स्वतंत्र माणूस, असं इथे धरलंय का? गुलामाचं मोल कसं मोजलंय? आणि तरीही, कायदा सगळ्यांसमोर दगडावर कोरून ठेवला यात चांगलं काय होतं? त्याच दगडावर शेवटी लिहिलंय की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने यावं आणि हा लेख वाचून घ्यावा. हे कळल्यावर कालची "सगळं राजाच्याच फायद्याचं" म्हणणारी मुलं थोडी थबकतात. मला तो थबकण्याचा क्षण हवा असतो.

मग लिखाण. परिच्छेदाची रीत ठरलेली: आधी दावा, मग पुरावा, मग त्या पुराव्यावरून हा दावा कसा सिद्ध होतो याचं स्पष्टीकरण. पहिल्या दोन गोष्टी मुलांना पटकन जमतात. तिसरी फार अवघड जाते, तीन वर्षं पुरत नाहीत. म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. घरी ते परिच्छेद सुधारून देऊ नका. मूल अडखळतंय तिथेच ते शिकत असतं. तुम्ही सफाईदार वाक्य लिहून दिलंत की ती जागाच बुजते, आणि मला कळत नाही की पोर नेमकं कुठे अडलंय.

सातवीत आम्ही अशोकाचे शिलालेख घेतो. तेराव्या शिलालेखात कलिंगच्या, म्हणजे आजच्या ओडिशातल्या, युद्धाबद्दल राजा स्वतः सांगतो: दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी पट मरण पावली. आणि पुढे पश्चात्ताप. मुलं हेलावतात. आपल्या विजयाबद्दल दुःख झालं असं कोरून ठेवणारा राजा त्यांना सहसा कुठे भेटलेला नसतो. मग मी नकाशा लावते. हा लेख कुठे कुठे आहे त्या खुणा करतो, आणि लक्षात येतं की खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड इथे, तेरावा लेख नाहीच! तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, "सगळी माणसं माझी लेकरं आहेत" असं सांगणारे. का? राजाला लाज वाटली? जखमेवर मीठ नको म्हणून? की तिथल्या लोकांना पुन्हा डिवचायचं नव्हतं? याचं पक्कं उत्तर माझ्याजवळ नाही आणि मी तसं मुलांना सांगते. एवढंच म्हणते की तुझं उत्तर कोणत्या पुराव्यावर उभं आहे ते दाखव.

यात परकं काही नाही. अशा मूळ लेखांना आणि कागदांना मराठीत आपण इतिहासाची 'साधनं' म्हणतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या दप्तरांतले कागद गोळा करत होते, १८९८ पासून त्यांनी साधनांचे खंड छापले, ते याच आग्रहापोटी: अस्सल कागद काय म्हणतो ते आधी बघा. आपली मुलं वर्गात करतात ते त्याच जातीचं काम आहे.

नकाशांचंही थोडं सांगते. भिंतीवरच्या, मर्केटर पद्धतीने काढलेल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. मुलं चिडून म्हणतात, "नकाशा खोटा आहे." मग आम्ही शोधतो की हा नकाशा १५६९ साली दर्यावर्दी लोकांसाठी केला होता. एकच दिशा धरून जायचं तर रेघ सरळ यावी, ही त्यांची गरज होती. त्यासाठी तो उत्तम आहे. देशांची तुलना करायला नाही.

आता पालकांची एक तक्रार, आणि त्यात मी पालकांच्या बाजूची आहे. "सनावळ्या पाठ करून घेतच नाहीत का?" सनांची रटाळ घोकंपट्टी मला नको, पण काळाचा अंदाज नसेल तर सगळा विचार हवेत राहतो. म्हणून आम्ही वर्गात दोरी बांधतो, ५०० वर्षांना १ मीटर. गिझाचा मोठा पिरॅमिड एका टोकाला, आपण दुसऱ्या टोकाला. इजिप्तची राणी क्लिओपात्रा, तिच्या नावाची चिठ्ठी कुठे लावायची? सगळे पिरॅमिडजवळ धावतात. मोजल्यावर ती पिरॅमिडपासून ५ मीटरवर येते आणि आपल्यापासून ४. म्हणजे ती आपल्याला जास्त जवळची. ती दोरी वर्षभर भिंतीवर असते, आणि नवीन काही वाचलं की मुलं आपणहून उठून चिठ्ठी लावतात.

शेवटचं सांगते, कारण ते तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी येणार आहे. सातवीच्या अखेरीस प्रत्येकाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची असते. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करायचा, बोलणं जसंच्या तसं उतरवायचं आणि सांगितलेल्यातली एक गोष्ट दुसरीकडून पडताळून बघायची. नातवाचा फोन आला तर "तुला काय करायचंय ते" म्हणून उरकू नका. आणि नातवाने पडताळून पाहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या शब्दाला त्याने साधनाचा मान दिलाय.

गेल्या वर्षी एका मुलीने आजोबांची मुलाखत आणली. लहानपणी घर का सोडलं, हा तिचा प्रश्न. उतरवलेल्या कागदावर मध्येच कंसात लिहिलं होतं: "आजोबा ४० सेकंद गप्प." मी विचारलं, हे का लिहिलंस? म्हणाली, "रेकॉर्डिंगमध्ये आहे ना ते. मी मोजलं." पुढचा प्रश्न तिने लिहून नेला होता, पण तो विचारला नव्हता. "त्यांना अजून बोलायचंय असं वाटलं, म्हणून थांबले." त्या कंसानंतर आजोबा दीड पान बोलले होते, आणि त्यातलं काहीच घरात याआधी कोणाला ठाऊक नव्हतं.