ती हुर्यो नेमकी कुणाची?

मंडळी, नमस्कार. फुटबॉलमधल्या नव्या मुलांची निवड आणि चाहत्यांची हुर्यो, हा व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका काकूंनी मला फोन केला, "म्हणजे मेस्सीवर बोलणार का?" नाही काकू. हा दुसरा, अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडूचा, ज्यात पायाचा संबंध फारच थोडा येतो आणि ज्याच्यापायी आपल्या घरातली मुलं रविवारी जेवायला टेबलावर येत नाहीत. (हशा)

सुरुवात एका रविवारनेच करतो. १० डिसेंबर २००६. ह्यूस्टनचं स्टेडियम, अगदी वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या, कारण तेवढंच परवडायचं. आमच्या टेक्सन्सची टेनेसी टायटन्सशी गाठ. सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत गेला. टायटन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, होता व्हिन्स यंग. त्यानं चेंडू घेतला, फेकायला कुणी मोकळं दिसेना म्हणून स्वतःच पळत सुटला आणि ३९ यार्ड पळून सामना संपवून टाकला. २६-२०. आम्ही हरलो. आणि माझ्या पुढच्या रांगेत टेक्सन्सचा शर्ट घातलेला एक चांगला पन्नाशीचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पोराचं लग्न दुसऱ्या मांडवात लागलेलं बघावं, तसा चेहरा.

तो का रडत होता, हे समजायला आठ महिने मागं जावं लागेल. त्याआधी ड्राफ्टबद्दल दोन शब्द, कारण आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय. इथे बोली नसते. आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सगळ्यांत वाईट, त्या संघाला कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंमधून पहिली निवड. २००५ मध्ये टेक्सन्स १६ पैकी १४ सामने हरले होते, म्हणून पहिला क्रमांक आमचा. आणि समोर कोण? एक, व्हिन्स यंग. ह्यूस्टनमध्ये वाढलेला, इथल्याच शाळेत शिकलेला, टेक्सास विद्यापीठाला जानेवारीत रोझ बोल, म्हणजे त्या हंगामाचा कॉलेज अजिंक्यपदाचा सामना, जिंकून दिलेला, तोही १९ सेकंद शिल्लक असताना स्वतः पळत जाऊन. दुसरा, रेजी बुश, त्या वर्षीचा हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेला. शहर दोन तटांत वाटलं गेलं होतं. ऑफिसात, पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे एकच प्रश्न: यंग की बुश?

ड्राफ्टच्या आदल्या रात्री संघानं जाहीर केलं: मारिओ विल्यम्स. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या कडेला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा पास रशर. सहा फूट सहा इंच, २९५ पौंड, म्हणजे जवळपास १३४ किलो. ड्राफ्ट बघायला जमलेल्या लोकांनी मनसोक्त हुर्यो उडवली. यंगला टायटन्सनं उचललं. टायटन्स म्हणजे कोण? दहा वर्षांपूर्वी या शहराला सोडून गेलेला आमचाच जुना संघ, ऑइलर्स! जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

आता जरा थांबून, पास रशर करतो काय ते बघू. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू पडल्यापासून तो फेकेपर्यंत साधारण अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याच्यापर्यंत पोहोचायचं आणि मध्ये टॅकल नावाचा दीडशे किलोच्या आसपासचा माणूस उभा. पोहोचून त्याला चेंडूसकट पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धी-अर्धी, म्हणून आकड्यांत ते साडेचार, साडेवीस दिसतात.

मी शाळेत खो-खो खेळायचो. पळती करणाऱ्याला सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण आमचे सर आम्हाला खांबाशी उभं करायचे. खांबाला वळसा घालताना वेग किती गमावतोस, त्यावर तुझी किंमत, असं म्हणायचे. हात खांबावर, अंग आत झुकलेलं, आतला पाय जमिनीला जवळजवळ तिरका. पास रशरचं सगळं मर्म यातच आहे. टॅकलच्या बाहेरून वळसा घालायचा, खांदा खाली घालून, घोटा पूर्ण वाकवून. फरक एवढाच की इथला खांब स्वतः दीडशे किलोचा असतो आणि तो धक्के मारतो.

म्हणून ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसला चाचण्या होतात, त्यातली ४० यार्डांची सरळ धाव बघून चाहते वेडे होतात, पण पास रशर सामन्यात ४० यार्ड सरळ पळतो कधी? जाणती माणसं त्याच धावेचे पहिले १० यार्ड बघतात, आणि तीन शंकूंभोवती वळण्याची ती छोटी चाचणी बघतात. ताकदीचंही तेच. व्हर्नन गोल्स्टन नावाचा मुलगा होता. २२५ पौंडांचं वजन त्यानं ३७ वेळा उचललं. अंग असं की शिल्पकारानं घडवावं. न्यूयॉर्क जेट्सनं २००८ ला त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तीन हंगामांत त्याच्या सॅक किती? शून्य. साडेतीन नाही, अर्धी नाही, शून्य. उलट टेरेल सग्ज. २००३ मध्ये धावेची वेळ मंद निघाली म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि तो दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. आदल्याच वर्षी त्यानं कॉलेजात २४ सॅकचा विक्रम केला होता, तो कुणाला आठवला नाही. बाल्टिमोरला पहिल्याच वर्षी त्यानं १२ सॅक केल्या.

मारिओकडे परत येऊ. पहिल्या वर्षी साडेचार सॅक. तळपायाच्या दुखण्यानं तो हंगामभर बेजार होता, पण ते कोण ऐकून घेणार? मीही नाही घेतलं. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये त्याला जी विशेषणं लागायची ती या व्यासपीठावरून सांगता येणार नाहीत. तिकडे यंग त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. मग २००७ उजाडलं. मारिओच्या सॅक १४. पुढल्या वर्षी १२. आणि २०११ च्या उन्हाळ्यात टायटन्सनं यंगला सोडून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे संघ शहाणा आणि चाहते मूर्ख? मला तसं म्हणायचं नाही. गंमत बघा, टेक्सन्सला पास रशर का हवा होता हे खरं तर चाहत्यांनाच सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. आमच्या गटात इंडियानापोलिस होतं, म्हणजे वर्षातून दोनदा त्यांच्या क्वार्टरबॅकशी, पेटन मॅनिंगशी सामना. त्याला वेळ दिला की संपलंच. शिवाय क्वार्टरबॅक सतत पाडला गेला तर संघाचं काय होतं, याचा अनुभव या शहराइतका कुणाला होता? २००२ मध्ये, टेक्सन्सच्या पहिल्याच हंगामात, आमचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार ७६ वेळा पाडला गेला. तो आजही विक्रम आहे. आम्ही सगळं पाहिलं होतं, सगळं ठाऊक होतं. पण त्या रात्री आम्ही मारिओला तोललंच नव्हतं. हुर्यो उडवणाऱ्या गर्दीतल्या किती जणांनी त्याचा एक तरी अख्खा सामना पाहिला होता? ती हुर्यो जो आला त्याच्यासाठी नव्हतीच, जो आला नाही त्याच्यासाठी होती.

२०११ ला पुन्हा तेच. अकरावा क्रमांक, विस्कॉन्सिनचा जे. जे. वॉट. पुन्हा हुर्यो. हा मुलगा आधी सेंट्रल मिशिगनला टाइट एंड, म्हणजे आक्रमणात चेंडू झेलणारा, म्हणून खेळायचा, तिथून बाहेर पडला, मधल्या काळात पिझ्झा पोहोचवले, आणि शिष्यवृत्तीशिवाय विस्कॉन्सिनला दाखल झाला. आम्ही म्हणालो, झालं, पिझ्झावाला आणला. मीही म्हणालो, नाकबूल कशाला करू? पहिल्या हंगामात साडेपाच सॅक. "बघा, सांगितलं होतं ना" म्हणायला तेवढं पुरलं असतं, पण जानेवारीत प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यात त्यानं सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टनचा चेंडू हातभर अंतरावरून हवेतच पकडला आणि पळत जाऊन गोल रेषा ओलांडली. पुढल्या हंगामात साडेवीस सॅक. लीगचा सर्वोत्तम बचावपटू तो तीनदा ठरला: २०१२, २०१४, २०१५. हार्वे वादळानंतर त्यानं या शहरासाठी उभे केलेले पैसे तर तुम्हा सगळ्यांना आठवत असतील. आज हुर्यो उडवलेला एकही माणूस या शहरात सापडत नाही.

आणि मग २०१४, जेव्हा आम्हाला हवा होता तोच मिळाला. जेडेव्हियन क्लाउनी. पुन्हा पहिला क्रमांक. याच्यावर आमचं प्रेम बसलं ते एका क्षणावर. साउथ कॅरोलायनाकडून मिशिगनविरुद्ध खेळताना तो विजेसारखा आत घुसला, चेंडू हातात येता-येताच धावणाऱ्याला त्यानं असा धडकवला की बिचाऱ्याचं हेल्मेट उडालं, आणि मोकळा झालेला चेंडू क्लाउनीनं एका हातानं उचलला. ते काही सेकंद मी निदान दोनशे वेळा पाहिले असतील. वर १२० किलोच्या देहानं ४० यार्ड ४.५३ सेकंदांत. जल्लोष! पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याच्या सॅक तीनच होत्या, ते आम्ही "सगळे त्याच्यावर दोन-दोन माणसं घालतात" म्हणून सोडून दिलं. तेही खोटं नव्हतं म्हणा. पहिल्या वर्षी गुडघा गेला, चार सामने, सॅक शून्य. पुढं तो चांगला खेळला, धावत्या खेळाविरुद्ध तर फारच चांगला, पण ह्यूस्टनमध्ये एका हंगामात साडेनऊच्या वर कधी गेला नाही. त्याच ड्राफ्टात पाचव्या क्रमांकावर खलील मॅक गेला आणि तेराव्यावर ॲरन डोनल्ड, दोघंही पुढं गाजलेले पास रशर.

क्लाउनीला मी अपयशी म्हणणार नाही. आपण त्याला त्या एका धडकेच्या मापानं मोजत बसलो, आणि ते माप कुणालाच पुरं पडलं नसतं.

मग नव्या मुलाला बघावं कसं? माझा मुलगा मला हे शिकवतो, मी त्याला नाही. तो म्हणतो, "बाबा, चेंडू बघू नका." पहिले तीन सेकंद फक्त त्या मुलाकडे आणि टॅकलच्या पायांकडे बघायचं. टॅकल घाईघाईनं मागं सरकतोय का? म्हणजे त्याला बाहेरच्या वळशाची धास्ती आहे. सरकला की मुलगा आतून शिरतो का? म्हणजे त्याच्याकडे दुसरा डाव आहे. कॉलेजात एकाच डावावर १०-१२ सॅक निघतात. इथे समोरचे टॅकल सगळे व्हिडिओ बघून येतात, ऑक्टोबरपर्यंत तुमचा तो डाव पाठ झालेला असतो. दुसरा डाव नसेल तर पोरगं भिंतीवर डोकं आपटत राहतं. आणि सॅकचं खातं तेवढ्यावरही ठरत नाही. तो पोहोचला, पण क्वार्टरबॅकनं निमिषभर आधी चेंडू सोडला, तर खात्यात भोपळा. शेजारच्यानं हाकललेलं सावज आयतं हाती आलं तर पूर्ण एक.

२०२३ ला अलाबामाच्या विल अँडरसनसाठी संघानं बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर उडी मारली. त्याबदल्यात ॲरिझोनाला ३३वा क्रमांक दिला आणि पुढल्या वर्षीची पहिल्या नि तिसऱ्या फेरीतली निवडही. या वेळी हुर्यो नव्हती, हिशेब होता. "पुढल्या वर्षी आपण पुन्हा तळाशी असणार, म्हणजे हे पहिल्या पाचांतली निवड देऊन बसले!" मीही रात्री जेवताना हेच गणित मांडलं होतं. संघ गटात पहिला आला आणि ती निवड २७व्या क्रमांकाची निघाली. अँडरसनच्या त्या वर्षी सॅक सातच, पण माझ्या मुलानं सप्टेंबरमध्येच टॅकलचे पाय दाखवले होते. तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. पुढल्या वर्षी ११.

२०२४ ला त्याच्या दुसऱ्या बाजूला कोण उभा होता? डॅनिएल हंटर. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात सॅक किती? दीड. म्हणून २०१५ ला तो तिसऱ्या फेरीपर्यंत, ८८व्या क्रमांकापर्यंत पडून राहिला. मिनेसोटानं उचललं आणि पंचविशीत त्याच्या ५० सॅक झाल्या. ह्यूस्टनला आल्यावर पहिल्याच हंगामात १२. हा मुलगा जन्मानं जमैकाचा, पण शाळा ह्यूस्टनजवळच्या आपल्या केटीतली, मॉर्टन रँच. त्या काळात मी मुलीला नाचाच्या क्लासला सोडायला दर शुक्रवारी संध्याकाळी त्या बाजूनं जात असे. मैदानाचे दिवे लागलेले असायचे, बँडचा आवाज यायचा, आणि मी गर्दीत अडकायला नको म्हणून अलीकडच्या सिग्नललाच डावीकडे वळायचो.