‘स्पीच नॉर्मल’ लिहिण्याआधी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मेंदूचे दोन गोलार्ध एकमेकांशी कसे बोलतात’. तिकडे येतेच. पण त्याआधी एक तक्रार मांडायची आहे, आणि सोलापूरकरांपुढे मांडायला मला विशेष आवडेल.

लकवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेली. हे मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या, म्हणजे डाव्या अर्ध्या भागाच्या, इजेचं चित्र; मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी डावी. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोकांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, तो वर्षानुवर्षं ‘टॅन’ याशिवाय फारसं काही बोलू शकत नव्हता. इजा निघाली डाव्या बाजूला, कपाळामागे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेंनी त्याच बाजूची, पण जरा मागची जागा दाखवली. तिथं दुखावलं तर माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला उमगत नाही. तेव्हापासून भाषा म्हणजे डावी बाजू, हे पक्कं झालं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शंभरांतल्या सुमारे ९५ जणांचं आणि डावखुऱ्यांतल्या सुमारे ७० जणांचं तसं असतंही. पण यातून आपण एक भलताच निष्कर्ष काढून बसलोय, की मेंदूच्या उजव्या बाजूला लकव्याचा अटॅक आला म्हणजे बोलणं वाचलं.

माझ्याकडे नवी पेठेतले एक कापड दुकानदार आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. वय साठीचं, गिऱ्हाइकाला शब्दांत गुंडाळण्यात वस्ताद. मेंदूच्या उजव्या बाजूला छोटा अटॅक आला, डावा हात काही दिवस जड होता, मग सुधारला. दवाखान्यात नाव विचारलं, सांगितलं. घड्याळ दाखवलं, ‘घड्याळ’ म्हणाले. वाक्य म्हणायला लावलं, म्हटलं. डिस्चार्जच्या कागदावर ओळ आली: ‘स्पीच नॉर्मल’. पेढे वाटून घरी आले.

आणि घर हळूहळू फाटायला लागलं. सून थट्टेत म्हणाली, ‘मामंजी, आज तर दुकान डोक्यावर घेतलंत!’ त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, ‘मी काही उचललेलं नाही.’ पहिल्यांदा सगळे हसले. चौथ्या वेळेला कुणी हसलं नाही. गिऱ्हाईक ‘बघते आणि येते’ म्हणाली की आपल्याला कळतं ती येणार नाही. हे तिचा कपडा बाजूला काढून संध्याकाळपर्यंत वाट बघायचे. त्यांचा स्वत:चा आवाज सपाट झाला होता. नातू पहिला आला तेव्हा ‘छान झालं’ म्हणाले, पण बातमीपत्र वाचल्यासारखं. बायको मला म्हणाली, ‘मॅडम, हे आधीचे नाहीत. ह्यांना आता आमचं काही वाटतच नाही.’ त्यांना वाटत होतं. मी एकटीने विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच, एकाच पट्टीत. आठ महिने त्या घराने एका आजाराला स्वभाव समजून काढले. कारण कागदावर सगळं नॉर्मल होतं, आणि त्यांना स्पीच थेरपीला पाठवावं असं कुणाला सुचलंच नाही. याचा मला राग आहे, आजही आहे.

अशी माणसं जगभर आहेत. १९७९ मध्ये अमेरिकेत एलियट रॉस आणि मार्सेल मेसुलम यांनी एका शिक्षिकेची हकिकत लिहिली. उजव्या गोलार्धातल्या इजेनंतर तिला वर्ग आवरेना, कारण तिचा राग आवाजात उतरतच नव्हता. मग आपण चिडलोय हे ती शब्दांतच सांगायला लागली.

आवाजाची ही बाजू सोलापूरकराला शिकवावी लागत नाही. अशोक चौकात उभे राहा. तेलुगूचं अक्षर कळत नसलं तरी समोर भांडण चाललंय की सौदा, हे तुम्हाला कळतं. तिकडे कुणी कन्नडमध्ये पोराला दटावत असेल, तेही कळतं. त्या ओळखीत मोठा वाटा उजव्या गोलार्धाचा. किंवा घरचंच घ्या. ‘जेवलात?’ हा प्रश्न रात्री आठला आणि रात्री साडेबाराला, शब्द तोच. (हशा) हसलात ना? म्हणजे दोन्ही गोलार्ध शाबूत आहेत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं. म्हणजे आता छापलेला विषय.

दोन्ही गोलार्धांना जोडणारा जाड पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम, सुमारे २० कोटी तंतूंचा. अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, काही रुग्णांत तो शस्त्रक्रियेने कापत. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी अशांच्या नजरेच्या डाव्या बाजूला चित्र दाखवलं. ते पोचतं उजव्या गोलार्धात. रुग्ण म्हणे, ‘काही दिसलं नाही’, पण डावा हात नेमकी तीच वस्तू चाचपून उचले. पाहिलं होतं, ते बोलणाऱ्या बाजूपर्यंत पोचलं नव्हतं. स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

ऐकण्याचंही असंच. दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द सोडले, तर बहुतेकांना उजव्या कानातले जास्त नीट सांगता येतात, हे डोरीन किमुरांनी १९६१ मध्ये दाखवलं. सुरावटीला मात्र डावा कान सरस. कारण एका कानातला आवाज मुख्यतः पलीकडच्या गोलार्धात पोचतो. डेव्हिड पोपेल यांचं म्हणणं असं की डावी बाजू आवाजाचे बारीक तुकडे पाडते, २५ ते ५० मिलिसेकंदांचे, त्यात व्यंजनं धरली जातात. उजवी १५० ते ३०० मिलिसेकंदांचे लांब, त्यात चढउतार सापडतो. या मांडणीवर वाद आहेत, पण मला ती पटते. मग दोन्हींचा मेळ कुठं बसतो? २००७ मध्ये अँजेला फ्रीडेरिची यांच्या गटाने पाहिलं, की आवाजाचा चढउतार वाक्यरचनेशी जुळला नाही तर मेंदूत एरवी उमटणारा विद्युत-प्रतिसाद, कॉर्पस कॅलोसमच्या त्या पट्ट्याचा मागचा भाग दुखावलेल्यांत उमटतच नव्हता. चढउतार उजवीकडे, व्याकरण डावीकडे, आणि मधला रस्ता बंद.

एक सांगायचंच आहे. घरात मेंदूच्या उजव्या बाजूच्या अटॅकचं कुणी असेल, तर त्यांना पाठमोरं बसवा, म्हणजे तुमचा चेहरा दिसणार नाही. मग ‘पाणी आणलंय’ हे एकदा रागाने म्हणा, एकदा लाडाने, एकदा रडवेलं. कसं म्हटलं ते ओळखायला सांगा. मग त्यांना तसंच म्हणायला लावा. दोन मिनिटं लागतात. अडले, तर फाईल घेऊन स्पीच थेरपिस्टकडे जा, कागदावर काहीही लिहिलेलं असो. आणि अटॅकचीच शंका असेल तर एक मिनिटही घालवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा.